हत्ती दारात, चारा कुर्ल्यात!

वाचकहो, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिचा खरा अर्थ कळण्यासाठी मला उतारवयात कुर्ल्याच्या मोटारबाजारात जावे लागले. त्या प्रवासाची ही हकीकत आहे. यात देवदर्शन नाही, समुद्राची हवा नाही, की थंड हवेचे ठिकाण नाही. आहे ते काळे तेल, लोखंड आणि घाम. तरीही वाचा, कारण आज ना उद्या तुमच्या अंगणातही असा एखादा हत्ती येऊन उभा राहण्याचा संभव आहे.

आमचा खानापूर तालुका, जिल्हा सांगली. विट्याच्या आसपासच्या गावांतील कितीतरी घरे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. कुणी दिल्लीत, कुणी कानपुरात, कुणी पार केरळात. दिवाळीला, जत्रेला ही मंडळी गावी येतात ती मोठमोठ्या गाड्या घेऊन. टेंभूचे पाणी येण्याआधी ज्या रानात हुलगासुद्धा धड पिकत नव्हता, त्या रानाच्या बांधाला आलिशान गाड्या लागतात. त्या पाहून गावातल्या तरुणांच्या डोळ्यांत स्वप्ने न आली तरच नवल!

माझ्या पुतण्याच्या डोळ्यांत आले ते पजेरोचे स्वप्न.

हत्ती स्वस्त का मिळतो?

पजेरो ही मूळची जपानी. मित्सुबिशी कंपनीने १९८२ मध्ये ती बाजारात आणली. वाळवंटातल्या जगप्रसिद्ध डकार शर्यतीत १९८५ ते २००७ या काळात तिने बारा वेळा पहिला नंबर काढला. आपल्याकडे ती २००२ च्या सुमारास आली. ॲम्बेसेडर बनवणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सशी करार होऊन चेन्नईजवळच्या तिरुवळ्ळूर येथील कारखान्यातून ती विकली जाई. नवी असताना किंमत वीस लाखांच्या आसपास. पुढाऱ्यांच्या आणि बड्या कंत्राटदारांच्या दारातच दिसायची.

तीच गाडी, २०११ चे मॉडेल, आमच्या पुतण्याने २०२१ च्या अखेरीस दिल्लीच्या एका दलालाकडून तीन लाख साठ हजारांना आणली. एवढी स्वस्त कशी, असे मी विचारले तेव्हा म्हणाला, "काका, दिल्लीत डिझेलची गाडी दहा वर्षांवर चालवता येत नाही. म्हणून फुकटात देतात."

ते खरेच होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. २०२५ मध्ये त्या निर्बंधांत काही फेरफार झाले. पण मधल्या काळात तिकडच्या कितीतरी भारी गाड्या ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत आल्या. आमची गाडीही त्यातलीच. कर भरून, कागदपत्रे करून तिला एम.एच. १० चा नंबर मिळाला. वहिनींनी ओवाळले, नारळ फुटला, पेढे वाटले.

स्वस्ताईचे दुसरे कारण मात्र त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही. २०१२ मध्ये पजेरो स्पोर्ट ही नवी गाडी आली आणि जुनी पजेरो मागे पडली. पुढे मित्सुबिशीच्या नव्या गाड्यांची विक्रीच आपल्याकडे थांबली, आणि २०२१ मध्ये परदेशांसाठी चाललेले मूळ पजेरोचे उत्पादनही बंद झाले. म्हणजे वंशच खुंटला. ज्या बैलाची पेंड बाजारात मिळत नाही तो बैल कितीही देखणा असला, तरी कोण जास्त पैसे देणार?

आणखी एक गोष्ट. मीटरवर किलोमीटर होते एक लाख चौऱ्याऐंशी हजार. पुढे एकदा सीटखाली जुनी पावती सापडली, ती २०१८ ची. तिच्यावर लिहिले होते दोन लाख सव्वीस हजार! पावती खोटी कशाला बोलेल? मीटर मागे फिरवलेले होते. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पार गुळगुळीत झाले होते, स्टिअरिंग हात लागून लागून चकाकत होते. बैलाचे दात पाहून वय सांगणारे आम्ही शेतकरी; पण गाडीचे दात पाहायला विसरलो.

घाटात वाफ

मे २०२४. पुण्याचे लग्न उरकून मंडळी परत येत होती. गाडीत सात माणसे, टपावर आहेराच्या पिशव्या, बाहेर रणरणते ऊन आणि आत थंडगार हवेचे यंत्र चालू. खंबाटकीचा घाट चढताना उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला. पुतण्याला वाटले, माथ्यावर पोचू आणि मग थांबू. माथा आला, पण त्याआधी बॉनेटमधून वाफ आली. मग त्याने केली ती चूक तुम्ही कधीही करू नका. घाबरून त्याने तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले.

तापलेल्या तव्यावर गार पाण्याचा शिपका मारला की काय होते, हे घरातल्या बाईला विचारा. इंजिनाचेही तेच. गाडी तापली तर बाजूला घ्या, बंद करा आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नका. निवल्याशिवाय झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

गाडी दुसऱ्या गाडीवर घालून गावी आणली. आमचे मिस्त्री ट्रॅक्टर आणि तेलइंजिनावर हयात घालवलेले. त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली. तेल काळे असायचे, ते दुधाच्या चहासारखे दिसले. रेडिएटरचे झाकण काढून इंजिन फिरवले, तर पाण्यातून बुडबुडे.

"आण्णा," ते मला म्हणाले, "पाणी तेलात चाललंय. हेड काढावं लागंल. गॅस्केट गेलं असलं तर देव पावला. हेडच तडकलं असलं तर मग बघा."

हेड म्हणजे इंजिनाचे डोके. व्हॉल्व्ह त्यात असतात, आणि ते थंड ठेवणारे पाणीही त्याच्यातूनच फिरते. मिस्त्रींनी पुढे पंख्याला हात घातला. या गाड्यांच्या पंख्यामागे एक डबी असते. तिच्यात दाट तेल असते आणि इंजिन तापले की ती डबी पंख्याला घट्ट धरून जोरात फिरवते. आमच्या डबीतले तेल कधीच झिरपून गेले होते. पंखा नुसता पाहुण्यासारखा फिरत होता. रेडिएटर उघडला तर आत पांढरे खडक! अडीच वर्षे कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले होते. ठिबकच्या तोट्या क्षाराने कशा बंद होतात ते आपल्याला ठाऊक. रेडिएटरच्या नळ्याही तशाच बंद होतात, हे मात्र सुचले नाही. तेव्हा दोष गाडीचा नव्हता. दोष आमचा.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारले. आकडा आला दोन लाख साठ हजार, आणि सामान मिळाले तर! घरात त्या वेळी होते ते डाळिंबाच्या नव्या ठिबकसाठी ठेवलेले पंचावन्न हजार. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, ओसरीवर गप्प बसून होते. पुतण्या मान वर करीना. शेवटी वहिनी आत गेल्या आणि रुमालात गुंडाळलेल्या पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या.

"भाऊजी, तुम्ही याच्याबरोबर जावा. एकटा गेला तर फसंल."

पाटल्या मोडायच्या नाहीत, एवढे मी ठरवले. पतसंस्थेत तारण ठेवून सत्तर हजार उचलले आणि आम्ही निघालो.

पहिला मुक्काम : उद्यमनगर

तडा आहे की नाही हे कळल्याशिवाय सामान शोधणे म्हणजे रोग कळल्याशिवाय औषध घेणे. म्हणून हेड टेम्पोत घालून आधी कोल्हापूर गाठले. तिथले शिवाजी उद्यमनगर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ज्या काळी विहिरीवर तेलइंजिनाची धडधड हेच बागायतीचे लक्षण होते, त्या काळी ते इंजिन कोल्हापूरचे असण्याचा संभव मोठा. ओतकाम, लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग. एका गल्लीत काम झाले नाही तर शेजारच्या गल्लीत होते. भिंतींना लोखंडाचा वास आणि माणसांच्या नखांत काळी रेघ.

तपासणी पाहण्यासारखी होती. हेडची सगळी पाण्याची भोके रबर आणि पट्ट्या लावून बंद केली. एका भोकातून दाबाची हवा सोडली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवले. आम्ही सगळे टाकीत डोकावून पाहत होतो. क्षणभर काही नाही. मग दोन व्हॉल्व्हच्या मधून मोत्यांच्या सरीसारखे बारीक बुडबुडे वर येऊ लागले.

"याला टाके घालता येतील," कारागीर म्हणाले, "पण किती दिवस टिकेल ते मी लिहून देणार नाही. जोखीम तुमची. माझं ऐकाल तर दुसरं हेड बघा. आणि जुनं घेतलंत तर असं बुडवून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका."

या तपासणीला पाचशे रुपये पडले. त्या पाचशे रुपयांनी पुढे आमचे किती वाचवले, ते येईलच.

डोके घेऊन एस.टी.त

जुने हेड आम्ही सोबत घेतले. बाजारात "असेच पाहिजे" म्हणून दाखवायला जुना भाग हातात असावा, हा मिस्त्रींचा सल्ला. गोणपाटात गुंडाळून विट्याहून मुंबईच्या रात्रीच्या एस.टी.त चढवले. कंडक्टरने विचारले, "गोणीत काय?"

पुतण्या म्हणाला, "डोकं आहे."

"कुणाचं?"

"गाडीचं."

सगळी गाडी हसली. सामानाचे तिकीट मात्र सुटले नाही.

पहाटे कुर्ल्याच्या नेहरूनगर आगारात उतरलो. बाजार आहे रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेला. चहा घेऊन, रिक्षा करून सी.एस.टी. रोडला गेलो. डोक्यावरून विमाने इतकी खालून जातात की बोलणे थांबवावे लागते. जवळूनच मिठी नदी वाहते; तिला नदी म्हणायला जीभ वळत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच मिठीने हा परिसर बुडवला होता.

आणि मग सुरू झाला तो बाजार! उसाच्या मोळ्या रचाव्यात तशा बंपरच्या राशी. भिंतीवर ओळीने टांगलेले दरवाजे. एका गाळ्यात नुसते दिवे, शेकडो डोळे आपल्याकडे पाहत असल्यासारखे. एका गाळ्यात गिअरबॉक्स, एकात फक्त आरसे. जमीन तेलाने काळी होऊन डांबरासारखी घट्ट झालेली. अपघातात मोडलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या, मालकाला नकोशा झालेल्या गाड्या इथे सुट्या होतात आणि दुसऱ्या गाड्यांना अवयव देतात. नाव घेतले की दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेली पोरे दुरूनच ओरडतात, "पजेरो? जुनी की स्पोर्ट?"

तुम्ही गेलात तर शुक्रवारची दुपार आणि रविवार टाळा; शुक्रवारी नमाजाच्या वेळी बरीच दुकाने बंद असतात. आणि पहिल्या दुकानात पैसे काढू नका. आधी सगळा बाजार एकदा फिरून या, जसे आपण बैलबाजारात फिरतो.

चाचांची शिकवण

तिसऱ्या-चौथ्या गाळ्यात एक वयस्क गृहस्थ भेटले. मूळचे उत्तरेकडचे, पण आयुष्य मुंबईत गेल्यामुळे मराठी आमच्यासारखेच. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी गोणपाट उघडले, हेडवर बोट फिरवले आणि आधी नंबर विचारला.

"पजेरो म्हणून मागाल तर दहा वस्तू दाखवतील. नंबर सांगाल तर एकच वस्तू येईल."

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. प्रत्येक सुट्या भागाला कारखान्याने दिलेला नंबर असतो. मित्सुबिशीचे जुने नंबर एम.बी., एम.डी., एम.ई., एम.आर. अशा अक्षरांनी सुरू होतात. तोच त्या वस्तूचा सातबारा. आमच्या गाडीतले इंजिन, ज्याला फोर एम फॉर्टी म्हणतात, ते याच कंपनीने डेलिका नावाच्या आपल्या व्हॅनलाही बसवले होते. म्हणजे वस्तू दुसऱ्या गाडीच्या नावाने पडून असू शकते, आणि उलट आपल्या गाडीच्या नावाने आलेली वस्तू आपल्याला न बसणारीही असू शकते. गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि जुन्या भागावरचा नंबर कागदावर उतरवून, मोबाइलवर फोटो काढूनच घर सोडा.

चाचांकडे एक जुने हेड होते. बावीस हजार सांगितले. पुतण्याचे डोळे चमकले. "काका, घेऊ या. आजच्या रात्रीच्याच गाडीने परत जाऊ."

मी म्हटले, "आधी पाण्यात बुडवू."

चाचा रागावले नाहीत. उलट पोराला हाक मारून हेड जवळच्या एका कारखान्यात पाठवले. सहाशे रुपये दिले. पुन्हा तीच टाकी, तीच हवा, आणि पुन्हा तेच बुडबुडे, फक्त जागा दुसरी. बावीस हजार पाण्यात जायचे ते सहाशेवर भागले.

चाचा म्हणाले, "मी आत शिरून बघितलं नव्हतं. जुन्या मालाची खात्री पाण्यात बुडवेपर्यंत कुणालाच नसते." मग त्यांनी चहा मागवला आणि पुतण्याला समोर बसवून जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत तुमच्यासाठी लिहितो.

जुन्या गाडीचे भाग तीन प्रकारचे. पहिला प्रकार, जुना घेतला तरी चालतो असा : दरवाजा, काच, काच वर-खाली करणारे यंत्र, दिवे, आरसे, सीट, पत्रा, बंपर. मोडलेला नाही एवढे पाहिले की झाले. दुसरा, तपासून मगच घ्यावा असा : हेड, डिझेल पंप, टर्बो, गिअरबॉक्स, स्टार्टर, रेडिएटर. चालवून, दाब देऊन, फिरवून पाहावे आणि "चालले नाही तर परत" असे पावतीवर लिहून घ्यावे. तिसरा, जुना कधीही घेऊ नये असा : ब्रेकचे पॅड आणि नळ्या, बेअरिंग, बॉल जॉइंट, सगळे पट्टे आणि रबर, गॅस्केट, सीटचे पट्टे, हवेच्या सुरक्षा-पिशव्या. या वस्तूंवर माणसाचा जीव टांगलेला असतो. शेजारचा एक पोरगा जुने ब्रेक स्वस्तात देऊ करीत होता, त्याला चाचांनीच हटकले. "घरी बायकापोरं बसणार आहेत त्या गाडीत."

पुराच्या मालाबद्दलही त्यांनी सावध केले. इलेक्ट्रिकचा भाग घेताना त्याच्या जोडाच्या टोकात डोकावून पाहा. आत बारीक गाळ किंवा तांब्यावर हिरवी बुरशी दिसली तर हात जोडा. आपण कृष्णाकाठची माणसे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली-कोल्हापूरकडच्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिले आहे. त्या गाड्या कुठेतरी गेल्याच असतील ना?

आणि पावती. पावतीशिवाय इंजिन, गिअरबॉक्स असे मोठे भाग घेऊ नका. स्वस्तात मिळालेली वस्तू चोरीच्या गाडीची निघाली तर ती जाणून घेणाराही गुन्हेगार ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा आहेच. चार हजार वाचवायला जाऊन पोलीस ठाण्याची पायरी चढण्यात कसला आला शहाणपणा?

ऑपेरा हाउसचे नवे डोके

चाचांनीच एका कागदावर नंबर लिहून दिला आणि म्हणाले, नवे हेड ऑपेरा हाउसला बघा. कुर्ल्याहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने चर्नी रोड. २०१६ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उघडलेले ते देखणे नाट्यगृह आम्ही रस्त्यावरूनच पाहिले. आसपासच्या गल्ल्यांत नव्या सुट्या भागांची दुकाने. इथे तेल नाही, राशी नाहीत. काउंटर, खोकी आणि नंबर. कुर्ल्यात माणूस वस्तू पाहून बोलतो, इथे नंबर पाहून.

इथे पुतण्याने आणखी एक धडा घेतला. गाडीच्या कंपनीचे नाव छापलेले खोके वेगळे आणि ती वस्तू बनवणाऱ्या कारखान्याचे खोके वेगळे. गाडीची कंपनी बेअरिंग, पट्टे, फिल्टर बहुधा दुसऱ्या कारखान्यांकडून घेते. त्याच कारखान्याची वस्तू त्याच्या स्वतःच्या खोक्यात कमी पैशांत मिळते. पण नावाची नक्कल केलेली खोकीही असतात. छपाई पुसट, नावातले एखादे अक्षर फिरवलेले. म्हणून पक्के बिल देणारा दुकानदार पाहावा.

गॅस्केट घेताना दुकानदाराने जुने गॅस्केट मागितले. आम्ही आणले होते म्हणून बरे! बऱ्याच डिझेल इंजिनांची हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची असतात आणि जाडीची खूण कडेला खाचांनी केलेली असते. खाचा मोजून जोडीचे गॅस्केट मिळाले. जुने गॅस्केट "आता काय कामाचे" म्हणून उकिरड्यावर टाकू नका.

नवे हेड बावन्न हजारांना, बिलासकट मिळाले. परतताना पुन्हा कुर्ल्याला थांबून चाचांकडून डाव्या बाजूचा जुना दिवा, काचेचे यंत्र आणि फोर व्हील चालू करणारा लहान व्हॉल्व्ह घेतला. चाचांनी तीनशे कमी केले आणि पुतण्याला म्हणाले, "आता तू शिकलास. पुढच्या वेळी काकांना आणू नको."

हिशेब

आपल्या घरात हिशेब सांगायची लाज वाटते, म्हणूनच फसवणूक होते. तेव्हा सगळा हिशेब मांडतो. नवे हेड ५२,०००. उद्यमनगरात व्हॉल्व्ह बसवणे, घासणे आणि पुन्हा तपासणी ९,५००. गॅस्केट संच व हेडचे बोल्ट ११,०००. पंख्याची डबी, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, नळ्या आणि रेडिएटर साफ करणे १४,०००. तेल, फिल्टर, कूलंट ९,०००. कुर्ल्याचा जुना माल ६,५००. मिस्त्रींची मजुरी १५,०००. प्रवास आणि टेम्पो ४,०००. एकूण एक लाख एकवीस हजार. वर्कशॉपच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

पण थांबा, टाळ्या वाजवू नका. ठिबकचे पंचावन्न हजार आणि पाटल्यांवरचे सत्तर हजार मिळून होते एक लाख पंचवीस हजार. हातात उरले चार. त्या वर्षी डाळिंबाला नवे ठिबक झाले नाही. जुन्याच नळ्या टोचून, बांधून भागवले आणि बागेचा एक कोपरा तहानलेलाच राहिला. गाडी लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते. २०२६ मध्ये तिला पंधरा वर्षे पुरी होतात. म्हणजे तपासणी, २०२२ पासून लागू झालेले फेरनोंदणीचे पाच हजार शुल्क आणि पर्यावरण कर वेगळा. हत्ती तीन लाख साठ हजारांत आला. पण त्याचे पोट वीस लाखांच्याच गाडीचे राहिले.

मग विकावी का? पुतण्याने विचार केला. विकायला गेलो तर दीड लाखाच्या वर कुणी बोलेना, आणि आता तर इंजिन नीट झालेले. शेवटी दादांनी तोड काढली. गाडी ठेवायची, पण तिने स्वतःचे खायचे. गाडी जितके किलोमीटर चालेल तितके गुणिले पाच रुपये, दर महिन्याला वेगळ्या डब्यात. डब्यात पैसे नसतील तर गाडी शेडमध्ये. लग्नाला जायचे असेल तर एस.टी. आहे. पहिल्या महिन्यात पुतण्या कुरकुरला. आता तो स्वतःच वही लिहितो, आणि गावातला कुणी जुनी भारी गाडी घ्यायची म्हणाला की त्याला तीन प्रश्न विचारतो.

वाचकहो, तेच तीन प्रश्न तुमच्यासाठी. या गाडीचे हेड, पंप, गिअरबॉक्स कुठे मिळतो ते तू पाहून आलास का? ते उघडणारा मिस्त्री वीस-तीस मैलांत कोण आहे? आणि ते पैसे कोणत्या डब्यातून निघणार आहेत? तिन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल घ्या. गाडी मजबूत असते, चिखलातून बैलासारखी निघते. एकाचेही मिळाले नाही तर आधी एस.टी.ने कुर्ल्याला जा, बाजार पाहा, आणि मग दलालाला फोन करा. आम्ही उलटे केले.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही सगळे त्याच खंबाटकीच्या घाटातून परत आलो. माझे डोळे सारा वेळ काट्यावर. काटा अर्ध्यावर उभा राहिला तो हलला नाही. माथ्यावर चहाला थांबलो तेव्हा मी वहिनींना म्हटले, "आता बरी चालते की नाही?"

त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. पाटल्या अजून पतसंस्थेच्या तिजोरीत आहेत. व्याज चालू आहे. त्यांनी पदर हातावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, "गाडी चांगलीच आहे, भाऊजी. आता एवढं डाळिंब होऊ द्या."